शांतवनची झडती

एखाद्या माणसाला सगळेच चांगला म्हणायला लागले की त्याच्या पिशवीत काय आहे ते बघावं असं मला वाटतं. स्वभाव म्हणा, नाहीतर नोकरीनं लावलेली खोड म्हणा. चिकलठाण्याच्या एका कारखान्याच्या गेटवर मी सत्तावीस वर्षं काढली. आत येणाऱ्याचा पास बघायचा आणि बाहेर जाणाऱ्याची झडती घ्यायची, एवढंच काम. लोक मला जमादार म्हणत. पितळेचा चुरा माणसं अंगावर कुठं कुठं लपवतात हे लिहायला बसलो, तर सभ्य लोक माझं लिखाण घरात ठेवणार नाहीत. बायको म्हणते, "तुम्ही देवळात गेलात तरी आधी मूर्तीच्या मागं वाकून बघता." बघतो. काय बिघडलं?

तर शांतवन टर्नरला सगळे चांगला म्हणत, आणि तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

तो छावणीत राहायचा. उंच, सावळा, लेथवर वाकून वाकून खांदे पुढं आलेला. जालना रोडला तेव्हा रान मागं सरत होतं आणि पत्र्याच्या शेडा उभ्या राहत होत्या. गावोगावची माणसं सायकलला डबा लटकवून कामाला येत होती. हात चालणाऱ्या टर्नरला मागणी होती, आणि शांतवनचा हात असा चालायचा की सुपरवायझर त्याच्या जॉबला माप लावायचा तो निव्वळ रिवाज म्हणून. मायक्रोमीटर तो फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळून ठेवी आणि कुणाला हात लावू देत नसे. मशीन चालू करताना "चल बाई" म्हणायचा. मशीनच्या घरघरीत ख्रिस्ती भजनं म्हणायचा. मशीन थांबलं की भजनही थांबायचं, त्यामुळं कारखान्यात कुणालाच त्यांची एक ओळसुद्धा धड ऐकायला मिळाली नाही. सुट्टी झाली की आधी रॉकेलनं हात धुवायचा, मग साबणानं, मग दोन्ही हात नाकाशी धरून वास घ्यायचा. वास राहिला असेल तर पुन्हा रॉकेलपासून सुरुवात.

आणि तो शपथ घेत नसे. आमच्याकडं आईची शपथ घेतल्याशिवाय कुणी चहासुद्धा मागत नाही. शांतवनला कुणी म्हणालं, "घे देवाची शपथ," तर तो म्हणायचा, "व्हय म्हणलं म्हंजे व्हय. नाय म्हणलं म्हंजे नाय. वरून आनखी काय लावायचं?"

आता माझ्या लाजेची गोष्ट सांगतो, कारण ती सोडून शांतवनबद्दल लिहिता येणार नाही. आमचं घराणं गावात जमीनजुमल्याचं. लहानपणापासून कुणाला शिवायचं आणि कुणाला नाही हे शिकवावं लागलंच नव्हतं, ते दुधातून आलं होतं. गेटवर उभा राहिलो तरी ते अंगातच होतं. सगळ्यांची झडती मी हातानं घ्यायचो. पण गावाबाहेरच्या वस्तीतला कुणी आला की माझी काठी पुढं व्हायची. काठीच्या टोकानं खिसा चाचपायचा, काठीनं पिशवीचं तोंड उघडायचं. साहेबाला वाटायचं, जमादार रुबाबात काम करतो. ज्यांना कळायचं ते मान खाली घालून पुढं जायचे.

शांतवन ख्रिस्ती होता. पण ख्रिस्ती व्हायच्या आधी त्याच्या आज्याचं घर कुठल्या वस्तीत होतं हे मला माहीत होतं, त्यामुळं त्यालाही काठीच. पहिल्या आठवड्यात त्यानं मुकाट्यानं सोसलं. दुसऱ्या आठवड्यात पहिली पाळी सुटताना, मागं चाळीस माणसांची रांग असताना, त्यानं दोन्ही हात वर केले आणि म्हणाला, "जमादार, काठीला दिसत नाय. हातानं बघा."

रांग हसली. माझ्या कानशिलापर्यंत आग गेली. मी काठी भिंतीला टेकवली आणि म्हटलं, बघतोच तुला. कॉलरपासून पायमोज्यापर्यंत एकेक शिवण दाबून पाहिली. पाच मिनिटं लागली. काही निघालं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा. एवढ्या आत्मविश्वासानं हात वर करणारा माणूस काहीतरी नेतच असणार असं माझं पक्कं मत झालं होतं. घरी जाऊन मी आंघोळ करायचो, पुढं पुढं नुसते हात धुवायला लागलो, मग तेही राहून गेलं. माझा विटाळ काही शहाणपणानं गेला नाही. संशयापायी गेला.

महिनाभरानं त्याच्या खिशातून एक पुस्तक निघालं. तळहातात मावेल एवढं, खाकी कागदाचं कव्हर घातलेलं. मार्कचं शुभवर्तमान. माझा अंदाज, कागद लपवायला पुस्तकाइतकी सोयीची जागा नाही. म्हणून पानं झटकली, कव्हर सोडून पाहिलं. काही नव्हतं. पण पहिल्या पानावर सुबक अक्षरात एक नाव लिहिलेलं होतं, वडिलांच्या नावासकट, गावाच्या नावासकट. ते माझ्या थोरल्या भावाचं नाव होतं. आमच्या आबांचं.

मी पुस्तक मिटून त्याला परत दिलं. तो म्हणाला, "झालं?" मी म्हटलं, "जा." त्या रात्री मला झोप आली नाही.

का आली नाही, ते सांगायला दोन वर्षं मागं जायला पाहिजे. विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव झाला आणि मराठवाड्यात गावंच्या गावं अशा वस्त्यांच्या अंगावर गेली. आमचं गाव खुलताबादच्या पलीकडं. नाव लिहीत नाही, अजून तिथं नातेवाईक आहेत आणि ते वाचतात. भर दुपारी वस्ती पेटवली गेली. विद्यापीठ कुठल्या तोंडाला आहे हेही माहीत नसलेल्या माणसांची घरं होती ती. त्यात एक घर मार्थाबाईचं, शांतवनच्या आईचं. ती ख्रिस्ती होती म्हणून काही कुणी थांबलं नाही. त्या दिवशी शांतवन आईला शहरात न्यायला आलेला होता. त्यानं आईला पाठुंगळी घेऊन ओढ्यातून पळवलं, आणि पळण्याआधी छपराला पलिता लावणारा माणूस पाच हातांवरून पाहिला. केस झाली. बाकीच्यांवरचे साक्षीदार एकेक करून गळाले. आबांवर एकच साक्षीदार उरला होता, शांतवन. हे सगळं मला ठाऊक होतं. मी त्यांचा सख्खा भाऊ आहे हे त्याला ठाऊक नाही, अशी मात्र माझी समजूत होती.

आता तुम्हीच सांगा, ज्यानं घर जाळलं त्याचं नाव माणूस खिशात घेऊन हिंडतो, ते काय आरती ओवाळायला?

मी त्याच्या पाळतीवर राहिलो. सुट्टीच्या दिवशी सकाळी त्यांची उपासना संपली की इस्त्रीचा पांढरा सदरा घालून तो बसस्टँडवर यायचा आणि आमच्याकडची एसटी धरायचा. मी मागच्या बाकावर, तोंडापुढं वर्तमानपत्र. आमच्या गावाच्या फाट्यावर तो उतरला. गाव तिथून अर्धा कोस. पण तो गावाकडं वळलाच नाही. मैलाच्या दगडावर बसला, डबा उघडून भाकरी खाल्ली, ते पुस्तक काढलं, परत ठेवलं, आणि परतीच्या एसटीनं निघून गेला. मी चहाच्या टपरीत बसून बघत होतो. म्हटलं, टेहळणी करतोय. पुढच्या सुट्टीलाही तेच. त्याच्या पुढच्या सुट्टीलाही तेच.

चौथ्या खेपेला तो दगडावरून उठला आणि सरळ टपरीत माझ्यापुढं येऊन बसला.

"जमादार, चहा पाजा. चार आठवडे झाले मागं मागं फिरायलाव. पेपर बी तोच हाय तुमचा."

मी म्हटलं, "आमच्या गावाला काय काम आहे तुझं?"

"काम लई सोपं हाय. तुमच्या भावाला भेटायचंय."

मी वर्तमानपत्राची घडी घातली. तो म्हणाला, "तुमचं नाक आबाचं हाय, जमादार. पहिल्या दिवशीच वळखलं म्या. काठी लावली तवा तर खातरीच पटली."

मग त्यानं सांगितलं. त्यांच्या चर्चच्या मंडळीत एक रीत होती. नाताळच्या आधी प्रत्येक घरानं बाहेरच्या एका माणसाचं नाव घ्यायचं, वर्षभर त्याच्यासाठी प्रार्थना करायची, आणि शुभवर्तमान न् फराळ घेऊन त्याच्या दारी जायचं. लोक सोयीची नावं घेत. शेजारी, किराणावाला, मुलांचे मास्तर. मार्थाबाई तेव्हा अंथरुणाला खिळली होती. तिनं मुलाला पुस्तक आणायला लावलं आणि म्हणाली, "लिही." तिनं जे नाव सांगितलं ते ऐकून शांतवननं पेन खाली ठेवलं. म्हणाला, "आई, दुसऱ्या कुणाचं बी सांग." म्हातारी म्हणाली, "दुसऱ्याकडं जायला चर्चचे पाळक हायेत." तिनं त्याच्याच हातानं लिहवून घेतलं. पंधरा दिवसांनी ती गेली.

"मग जात का नाहीस?" मी विचारलं.

त्यानं बशीतला चहा बराच वेळ फुंकला. "पाय उचलत नाय, जमादार. हितवर येतो आन् दगडावरच बसून ऱ्हातो. खरं सांगू का? तुमचं गाव दिसलं की मला ते पेटलेलं बघावं वाटतं. आमच्या खात्यात तुमच्या गावाकडचा फिटर हाय. त्यानं कधी मायक्रोमीटर मागितला तर माझा हात आखडतो. त्यानं काय केलंय माझं? कायच नाय. प्रार्थना करायला बसतो, नाव घेतो, आन् तोंडातून शिवी येती."

त्याची ही पहिलीच गोष्ट मला खरी वाटली. चांगुलपणाच्या गोष्टींवर माझा विश्वास बसत नाही, पण शिवीवर बसला.

आणि लगेच माझं डोकं दुसरीकडं चालायला लागलं. आमच्याकडं एक रिवाज आहे. वादातला माणूस तुमच्या दारी आला, तुमच्या घरचं पाणी प्याला, की वाद मिटला असं धरतात. पुढं कागदावर काहीही असो. हा फाट्यापर्यंत आपल्या पायानं आलाच आहे. पुढचा अर्धा कोस मी चालवला, की आबा सुटले. मी त्याच्या दंडाला धरलं आणि म्हटलं, "चल, मी नेतो."

नाताळच्या आठवड्यात घेऊन गेलो. आबांना आधी निरोप दिला होता. घरात मोठा पेच पडला होता, तो कपाचा. वस्तीतल्या माणसाला आमच्याकडं ओसरीच्या खाली बसवायचे आणि कोनाड्यात त्यांची फुटक्या कानाची कपबशी वेगळी असायची. पण त्या कपातून पाजलेला चहा तडजोडीचा कसा धरायचा? माझी वहिनी कुणाला न विचारता उठली आणि जावयासाठी ठेवलेला सोनेरी काठाचा कप घेऊन आली. शांतवन ओसरीवर, आबांच्या समोर, सतरंजीवर बसला. आमच्या घराण्यात असं कधी झालं नव्हतं, आणि आम्ही ते केलं ते साक्ष बुडवायला. हे लिहिताना आजही मला बरं वाटत नाही.

शांतवननं चहा एका दमात संपवला. आबा अडकित्त्यानं सुपारी कातरत होते आणि मान वर करत नव्हते. शांतवननं करंज्यांचा डबा पुढं सरकवला, त्यावर ते पुस्तक ठेवलं. त्याला बरंच काही बोलायचं होतं हे दिसत होतं. शेवटी एवढंच निघालं, "आईनं दिलंय." आणि उठून, चप्पल पायात नीट न घालताच तो फाट्याकडं चालू लागला.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं, मिटलं. आबांनी वकिलाला कळवलं, काळजी नको. त्यांनी करंज्या गुरांना घातल्या. पुस्तक वहिनीनं देव्हाऱ्याजवळ नको म्हणून आणि फेकायलाही नको म्हणून माळवदाच्या तुळईच्या फटीत खोचलं.

पुढच्या तारखेला शांतवन पिंजऱ्यात उभा राहिला. शपथ घेत नाही म्हणाला, खरं सांगतो म्हणाला. कोर्टानं तसं लिहून घेतलं. आणि मग त्यानं बोट करून सांगितलं, "व्हय. हेच व्हते. पलिता ह्यांच्याच हातात व्हता. म्या पाहिलं."

आबांचा चेहरा पांढराफटक पडला. आमचा वकील उसळून उठला. "तुम्ही यांच्या घरी गेला होतात की नाही? चहा घेतलात की नाही?"

"घेतला. लई चांगला व्हता."

"मग? तुमच्या धर्मात तर क्षमा करायला सांगितलंय."

"सांगितलंय की."

"मग ही कसली क्षमा?"

शांतवन जरा थांबला. जॉबला माप लावण्याआधी थांबायचा तसा. म्हणाला, "साहेब, तुमी म्हणताव ह्यांनी पेटवलंच नाय. जे झालंच नाय, त्याची माफी कशाची करू? आधी झालं तर म्हणा."

आबांना दीड वर्षाची शिक्षा झाली.

भावकीनं मला घरात घेतलं नाही. घरभेदी मीच ठरलो, कारण आणला मीच होता. माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं, गेट होतं. मी शांतवनवर सूड उगवला. रोज बूट काढायला लावायचा, डब्याचे चारही कप्पे उघडायला लावायचे, पावसात रांगेच्या बाजूला उभं करायचं. तो हात वर करून उभा राही. एके दिवशी मी त्याचे खिसे उलटे करत असताना म्हणाला, "परवा हर्सूलला जायलो, जेलात. आबाला काय निरोप हाय का?"

मी म्हटलं, "आता आणखी काय पाहिजे तुला? जमीन?"

"नाय. त्या दिशी माझ्यानं बोलणं झालं नाय ना. चहा पेत व्हतो आन् मनात म्हणत व्हतो, हे घर पेटलं पाहिजे. खोटा व्हतो म्या त्या दिशी. आता खरं काय ते सांगून टाकलंय. आता बोलता येईल मला."

याच्यावर कोण विश्वास ठेवील? मीही परवाची रजा टाकून मुलाखतीला गेलो. जाळीच्या अलीकडं आम्ही, पलीकडं आबा, आजूबाजूला वीस माणसं एकदम ओरडतायत. आबांनी शांतवनला पाहिलं आणि पाठ फिरवली. म्हणाले, "तूच हितं घातलं, आन् तूच देव सांगायला येतो व्हय रं?"

"व्हय," शांतवन म्हणाला. "येतो." आणि खिशातून तसंच दुसरं पुस्तक काढून त्यानं आबांच्या पाठीलाच वाचून दाखवायला सुरुवात केली.

तीन खेपा तो पाठीशीच बोलला. घरच्यांत कुजबुज सुरू झाली, बाहेरून पैसा येत असेल, बाटवायचा डाव असेल. मीही तेच म्हणत होतो. चौथ्या खेपेला शांतवनला पाळी बदलून मिळाली नाही आणि मी एकटाच गेलो. आबांनी माझ्या मागं बघितलं. मग घरादाराचं, बैलांचं बोलून झाल्यावर, इकडंतिकडं बघत म्हणाले, "त्याला एक इचार. त्याच्या पुस्तकातल्या त्या लुळ्या माणसाला बरं करायला खाटंसकट वर चढवून, छप्पर उचकटून खाली सोडला म्हणं. मंग ते छप्पर नंतर शाकारलं कुणी? घर तर दुसऱ्याचंच व्हतं ना?"

मी गेटवर शांतवनला विचारलं. तो बूट काढता काढता थांबला, एका पायावर तसाच. खिशातलं आपलं पुस्तक काढून पान पाहिलं. मग म्हणाला, "लिहिलेलं नाय, जमादार." त्याचा आवाज बदलला होता. "इतकी वर्षं वाचायलो, माझ्या कधी ध्यानातच आलं नाय."

त्या दिवसापासून मी त्याचे बूट काढायला लावले नाहीत. का, ते मला सांगता येत नाही.

आबा सुटून आले त्या उन्हाळ्यात त्यांनी कुणाशी न बोलता गाडीवर सागाचे वासे आणि पत्रे घातले आणि वस्तीत नेले. मार्थाबाईच्या घराच्या भिंती उभ्या होत्या, जळक्या. आबांनी स्वतः वर चढून छप्पर घातलं. तिथं मार्थाबाईची धाकटी बहीण राहायला आली. गावात बोभाटा झाला की आबा बाटले. पारावर कुणी तोंडावर विचारलं, तेव्हा आबा म्हणाले, "कुठं बी गेलो नाय. छप्पर घातलं." बाप्तिस्मा त्यांनी घेतला नाही. मारुतीला नारळही फोडायचे. पण तुळईच्या फटीतलं पुस्तक त्यांनी काढून घेतलं, आणि सुट्टीच्या दिवशी शांतवन आला की दोघं त्या छपराखाली बसायचे. शांतवन वाचायचा, आबा शंका काढायचे. शंका सगळ्या शेतकऱ्याच्या. बी खडकावर सांडेपर्यंत तो पेरणारा कुठं बघत होता? डुकरांचा अख्खा कळप कड्यावरून पाण्यात गेला, तो कुणाचा होता? शांतवन कधी उत्तर द्यायचा, कधी कबूल करायचा की माहीत नाही. "कधी येताव मग आमच्यात?" असं त्यानं विचारलेलं मी कधी ऐकलं नाही, आणि मी बराच कान लावून असायचो.

अशी बरीच वर्षं गेली, मी गेटवरून निवृत्त झालो. मग एका जानेवारीत विद्यापीठाचं नाव खरोखर बदललं, आणि आमच्या गावाकडून निरोप आला की वातावरण बरं नाही. मी सकाळचीच एसटी धरली. फाट्यावर उतरलो तर पुढच्या दारातून शांतवन उतरत होता. केस पांढरे झालेले, सदरा तसाच इस्त्रीचा. मी म्हटलं, "तू कशाला आलास? छावणीत बरा होतास." तो म्हणाला, "मावशी एकली हाय." चेहऱ्यावर भीती स्पष्ट दिसत होती. ती लपवायची त्याला अक्कल नव्हती. मैलाच्या दगडापाशी त्याचा पाय घुटमळला. मग तो चालू लागला.

आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. त्यांना बातमी आधीच लागली होती. त्यांनी मावशीची खाट बाहेर काढायला लावली आणि वस्तीत शिरायच्या बोळाच्या तोंडाशी आडवी टाकली. तिच्यावर बसले आणि शांतवनला म्हणाले, "बस. वाच."

"कुठून?"

"पहिल्यापासून."

दुपारी पोरं आली. पंधरा-वीस असतील. दोघांच्या हातात रॉकेलचे डबे होते. सर्वांत पुढं आबांचाच धाकटा मुलगा. खाटेपाशी येऊन तो थबकला. "आबा, उठा. घरी चला."

"वाचन चालू हाय."

"आबा, लोकं थांबलीत."

"मंग थांबू दे. पोथीतून मधीच उठत नसतेत. तुझ्या आजीनं शिकवलं नाय का तुला?"

आमच्याकडं वाचणारा आणि ऐकणारा यांच्यामधून कुणी जात नाही. पोथी कुठलीही असो. पोरांना ते कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. खाट आडवी होती, शांतवन एका टोकाला, आबा दुसऱ्या टोकाला. पलीकडं जायचं तर मधूनच जावं लागलं असतं. पोरं तिथंच उभी राहिली. मग काही जण बांधावर टेकली. शांतवनचं बोट ओळीवरून पुढं सरकत होतं. आवाज दोनदा चिरकला. पण तो वाचत होता, लुळ्या माणसाचं, वादळाचं, पाच भाकरींचं, आणि मी कुंपणाजवळ उभा राहून एकदा पोरांच्या हातांकडं बघत होतो, एकदा त्याच्या तोंडाकडं.

उन्हं कलली आणि पुस्तक संपलं. शांतवननं पोरांकडं पाहिलं. पान उलटून तो पुन्हा पहिल्यापासून वाचू लागला.

आबांनी मान तिरकी केली. "हे मागं झालं की रं?"

"झालं."

"मंग?"

शांतवन हळूच म्हणाला, "ते गेले नायत अजून."

"वाच मंग," आबा म्हणाले.

पोरं कंटाळली. एक उठला, मग दोघे, मग आबांचा मुलगा डबा हातात तसाच घेऊन मान खाली घालून निघून गेला. मी त्यांच्या मागं पारापर्यंत जाऊन खात्री करून आलो. मला खात्री केल्याशिवाय चैन पडत नाही. सगळे आपापल्या घरी गेले होते.

परत आलो तेव्हा बोळाच्या तोंडाशी ते दोघेच होते. शेवटची एसटी यायला थोडाच वेळ होता, आणि शांतवनला दुसऱ्या दिवशी पहिली पाळी होती. मी त्याला खूण केली, गेले सगळे, चल. त्यानं बघितलं. रस्ता पार फाट्यापर्यंत मोकळा होता, ते त्याला दिसत होतं. आबांना दिसत नव्हतं. त्याच वर्षी पावसाळ्यात शांतवन हृदयविकारानं गेला. मी त्याला पाहिलं ते त्या दिवशी शेवटचं, कारण मी एसटीला पळालो आणि तो आला नाही. मी निघालो तेव्हाही पोरं गेली हे त्यानं आबांना सांगितलेलं नव्हतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या आवाजात भीती नव्हती आणि घाईही नव्हती. त्यानं बोट पुढच्या ओळीवर ठेवलं आणि तो आबांना वाचून दाखवत राहिला.